शर्मिलाचा रफार

बदनापूरच्या ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या मोनालीनं 'अक्षरबदल' हा प्रोग्राम लिहिला तो भावासाठी. नागसेनचं आष्टीला डीटीपीचं दुकान. जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका आणि स्मरणिका नव्या संगणकावर उघडल्या की नुसतं गिचमिड दिसायचं. बिचारा सगळं पुन्हा टाईप करत बसायचा. मोनालीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत जुना मजकूर कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये आणणारा हा प्रोग्राम लिहिला आणि ओपन सोर्स म्हणून इंटरनेटवर ठेवून दिला. कुणीही फुकट वापरा, कोड वाचा, बदला, दुरुस्त्या पाठवा.

लोक वापरू लागले. त्यांचा एक ग्रुपही झाला. 'मॅडम, तुमच्यामुळं वाचलो' असा निरोप आला की ती चहा घेताना नवऱ्याला, भारतला, मोठ्यानं वाचून दाखवायची.

मग आकांक्षा आली. कुंभार पिंपळगावची, पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करणारी. तिची पहिली दुरुस्ती आली तेव्हा मोनाली हरखली. आपल्या कामाला कुणीतरी हात लावला! पण दुरुस्त्या येतच राहिल्या. शिवाय ही मुलगी ग्रुपवर प्रत्येकाला निवांत समजावून सांगायची. मोनालीचं उत्तर ठरलेलं असे, 'आधी सूचना नीट वाचा.' एके दिवशी कुणीतरी विचारलं, 'आकांक्षाताई आहेत का?' मोनाली तेव्हा ग्रुपवरच होती. तिच्या हातातला चहा गार झाला.

पुढं रफाराचं प्रकरण झालं. 'शर्मिला'सारख्या शब्दात रफार आणि पहिली वेलांटी एकत्र आली की प्रोग्राम गडबडायचा. मोनालीनं पुष्कळ डोकं आपटून ते सोडून दिलं होतं. आकांक्षानं ते सोडवून पाठवलं. मोनालीनं वाचलं. बरोबर होतं, आणि किती थोडक्यात! तो थोडकेपणाच तिला जास्त झोंबला. 'परीक्षा आहेत, सवडीनं तपासते,' असं तिनं लिहिलं. परीक्षा संपल्या, निकालही लागले. आकांक्षानं नम्रपणे आठवण केली, तीही तिनं वाचून तशीच सोडली.

शेवटी आकांक्षानं 'अक्षरबदल'ची वेगळी कॉपी काढून त्यात आपली दुरुस्ती घातली. ग्रुपवरचे लोक भराभर तिकडं गेले.

"चोरी केली तिनं!" मोनाली घरी येऊन म्हणाली.

"चोरी कशी?" भारत म्हणाला. "तूच तर सगळ्याइला सांगून राह्यली, कुणीबी घ्या, कुणीबी बदला म्हणून."

"तुम्हाला न्हाई कळायचं."

"बरं, तिचं काम बराबर न्हाई का मंग?"

"बराबर आहे," मोनाली म्हणाली आणि तिला रडूच आलं. "बिलकुल बराबर आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं आकांक्षाला फोन लावला. भांडायचंच ठरवलं होतं.

"मॅडम, मीच फोन करणार होते," आकांक्षा घाईनं म्हणाली. "लोकांची कामं अडकल्ती. तुम्ही दुरुस्ती घेतली की मी माझी कॉपी बंद करते."

त्या आवाजात तोरा असता तर मोनालीला सोपं गेलं असतं. "तुला सुचलं कसं?" तिनं विचारलं.

"तुम्ही वेलांटीसाठी लिहिलंय ना, तेच रफाराला उलट्या बाजूनं लावलं."

गोड बोलतेय, असं मोनालीला वाटलं. तिनं कोड काढून पाहिला. खरंच होतं. कल्पना तिचीच होती, फक्त तिला स्वतःला ती दिसली नव्हती. आकांक्षाला ती दिसली, याचाही हेवा वाटला.

तिनं दुरुस्ती घेतली. मग मन बदलायच्या आत, इतरांच्या दुरुस्त्या तपासून सामील करायचा अधिकार आकांक्षाला देऊन टाकला.

"बरं वाटलं का?" भारतनं विचारलं.

"न्हाई."

आकांक्षानं कॉपी बंद केली. आता दोघी मिळून प्रोग्राम सांभाळतात, कुणाची तक्रार फार दिवस पडून राहत नाही. मोनालीही ग्रुपवर गोड लिहायला शिकली आहे. मात्र कुणी आभार मानले की नाव कुणाचं आहे, हे ती अजून आधी बघते.