धोंड्याचा सेकंद

एका सेकंदापायी माह्या बाबाचं नोकरीत पक्कं होणं गेलं. आजही आठवलं का डोक्शात आग होते.

तिरोडीकडं एका ठेकेदाराच्या खाणीत बाबा कच्चे मजूर होते, अन् मी तिथंच हजेरीच्या कॉम्प्युटरवर. सलग एक वर्ष एकही खाडा नाई तं माणूस पक्का, असा नियम. बाबाचा एकच दिवस उरलता. नव्या वर्षाची पहिली सकाळ होती ती.

सहाच्या पाळीले बाबानं पावणेसहालेच अंगठा लावला. मशीन 'थँक यू' बोलली. बाबा खाणीत उतरले. मी आठले आली तं कॉम्प्युटरचं घड्याळ साडेपाचले एक सेकंद कमी असताना अडकून बसलेलं, अन् एकाचीही हजेरी चढली नव्हती. मी बंद करून चालू केला. साहेबानं भोंग्यावरून सांगितलं, "जिसका अंगूठा नहीं लगा, फिर से लगाओ." सारे वर आले. बाबा आलेच नाई. काहून? तं मशीन त्याईले थँक यू बोलली होती ना! "माहा तं लागलता," म्हणे. "दोनदा लावला तं खोटं झालं ना बाई."

साहेबाले सांगून सांगून माहा घसा बसला. त्याचं एकच, "मैडम, मशीन झूठ नहीं बोलती." गैरहजरांची यादी मलेच टाइप करा लागली. माह्या बापाचं नाव, माह्याच बोटानं!

घोळ काय झालता ते मंग समजलं. जगाचं घड्याळ अणूवर चालते, ते चुकत नाई. धरती मात्र फिरता फिरता जराशी मागं पडते. दोघांचा मेळ बसावा म्हणून कधीमधी एक सेकंद जास्तीचा घालते. तो आपल्याकडं सकाळी साडेपाचले येते. आमच्या खटाऱ्याले तो समजलाच नाई.

बाबाले सांगितलं तं हसले. "म्हणजे अधिक महिन्यासारखाच. धोंड्याचा सेकंद म्हण ना!" मले कुठचं हसू? धोंड्याच्या महिन्यात जावयाले अनारसे तरी भेटते. आमाले भेटला खाडा.

आता वाचलं का तो सेकंदच बंद करणार हायेत, कॉम्प्युटरले त्रास होते म्हणून. वा रे वा! कॉम्प्युटरले त्रास झाला तं मोठमोठ्या लोकाईनं बैठका घेतल्या. धरती उशिरा आली तं तिच्यासाठी साऱ्या जगानं घड्याळ थांबवलं. माहा बाप पंधरा मिनिटं आधी आलता, अन् मरेपर्यंत कच्चाच राह्यला.