तीन रकान्यांची वही

वही शाळेने दिली होती. साधी शंभर पानी, आणि टीचरने स्वतः पट्टीने रेघा मारून प्रत्येक पानावर तीन रकाने पाडलेले. पहिल्यात लिहायचं, आधी काय झालं. दुसऱ्यात, मुलीने काय केलं. तिसऱ्यात, मग आपण काय केलं. घरी ती चिडली, ओरडली, कुणाला चावली, स्वतःला मारून घेतलं, की त्याच दिवशी टिपून ठेवायचं आणि दर सोमवारी वही दप्तरातून पाठवायची. टीचर म्हणाली होती, "ताई, खरं लिहा. चांगलं लिहू नका." पंचविशीतली पोरगी ती. मला तिचा तेव्हा रागच आला. म्हटलं, ही कोण मला खरं-खोटं शिकवणार.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ऑटिस्टिक आहे. तीन शब्द बोलते, पाणी, गाडी आणि बास, तेही मनात असलं तर. 'दुखतंय' हा शब्द तिच्याकडे नाही. भूक लागली तर डब्यापाशी जाऊन उभी राहते, झोप आली तर माझी उशी ओढून नेते, पण पोट दुखलं, डोकं दुखलं तर ती कुठे बोट ठेवत नाही. आपणच ताडायचं. ही तिची चौथी शाळा. आधीच्या तिन्ही शाळांनी गोड बोलून बाहेर काढलं होतं. भाईंदर पश्चिमेची ही शाळा म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या, पण तिथे जायला ती सकाळी स्वतः चपला घालून दारात उभी राहायची. ती कशाची तरी वाट बघतेय हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मोठ्या मॅडमनी प्रवेश देतानाच सांगून ठेवलं होतं, सहा महिने बघू, दुसऱ्या मुलांना इजा झाली तर आमचा नाइलाज आहे. ही जागा टिकवायची, बस्स, एवढं एकच काम मला त्या वर्षी होतं.

आता माझं सांगते. परळ सोडून इकडे सिल्व्हर पार्कला राहायला आलो तेव्हा मी नोकरी करत होते. सरकारी कार्यालयात, आस्थापना शाखेत, बारा वर्षं. सगळ्यांची सर्व्हिस बुकं, म्हणजे प्रत्येकाच्या नोकरीची नोंदवही, माझ्या कपाटात. त्या टेबलावर बसलं की एक गोष्ट हाडात मुरते, कागदावर आलं ते झालं, कागदावर नाही आलं ते झालंच नाही. एकाने भर ऑफिसात शिपायाच्या थोबाडीत मारली, सगळ्यांनी बघितलं, कुणी लिहिलं नाही, त्याला बढती मिळाली. दुसरा बायको आजारी म्हणून महिनाभर उशिरा यायचा. त्याच्या पुस्तकात लाल शाईचा शेरा पडला आणि तो शेरा पेन्शनपर्यंत त्याच्या मागे फिरला. लोक माझ्यासमोर हात जोडून उभे राहायचे, मॅडम, तेवढं लिहू नका. मुलीसाठी मी नोकरी सोडली, पण ही शिकवण काही सुटली नाही. ते तीन रकाने बघितले आणि मला सर्व्हिस बुकच दिसलं. माझ्याच मुलीवर माझ्याच हाताने शेरा मारू? झाकली मूठ सव्वा लाखाची.

वही रिकामी ठेवली तर संशय येणार, एवढी अक्कल मला होती. बारा वर्षं काय गवत उपटलं नव्हतं. म्हणून मी छोट्या छोट्या, शोभतील अशा नोंदी केल्या. मिक्सरचा आवाज झाला. कानावर हात ठेवून बसली. गाणं लावल्यावर शांत झाली. किंवा, खाली फटाके वाजले. थोडी रडली. जवळ घेतलं. माझं अक्षर सुरेख आहे, पानं कशी भरल्यासारखी दिसायची. नवऱ्याने एका रविवारी वही वाचली.

"हे कुणाच्या मुलीबद्दल लिहिलंयस?" तो म्हणाला.

"मग तू लिही खरं," मी म्हटलं. "आणि उद्या पाचवी शाळा पण तूच शोध."

त्याने वही मिटून दप्तरात ठेवली. तो अशी माघार घ्यायचा तेव्हा मला वाटायचं, आपलं बरोबर होतं.

खरं असं होतं, की दिवाळीनंतर ती रात्री जेवायला बसली की स्वतःला मारून घ्यायला लागली होती. पोळीचे दोन घास खायची, तिसऱ्याला थांबायची आणि उजव्या गालावर मुठीने मारायची. हळू नाही, धाड धाड. ओरडायची असं की खालच्या मजल्यावरची गुजराती बाई वर यायची, "भाभी, सब ठीक है ना?" आणि मी दार अर्धंच उघडून सांगायची, "हाँ हाँ, टीव्ही का आवाज था." मी हात धरायला गेले की मला चावायची. गाल काळानिळा पडला. सकाळी मी त्यावर पावडर लावून तिला शाळेत पाठवायची. नवरा म्हणायचा, डॉक्टरला दाखवू. दाखवलं. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, कारण ती तोंड उघडू देईना, आणि म्हणाले, अशा मुलांमध्ये असतं हे. झोपेचं औषध लिहून दिलं. अशा मुलांमध्ये असतं, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

एका संध्याकाळी गालातून रक्त आलं, तेव्हा मी माझी ओढणी घेतली आणि तिचे दोन्ही हात पुढ्यात एकत्र बांधले. नवरा म्हणाला, बांधू नकोस गं. "मग तू धर," मी म्हटलं. त्याने दहा मिनिटं धरले, त्याच्या मनगटाला दात लागले, आणि तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा मी बांधत होते आणि तो ताटं उचलायला लागला. अर्ध्या तासाने ती थकून शांत झाली. दुसऱ्या दिवशी परत बांधले. मग रोजच. तिसऱ्या रकान्यात, आपण काय केलं, तिथे मी तो महिनाभर 'जवळ घेतलं' असंच लिहीत होते. आज ते आठवलं की माझ्या मलाच शिव्या द्याव्याशा वाटतात, आणि देतेही.

टीचर बिचारी माझी वही धर्मग्रंथासारखी वाचायची. प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलने बारीक खूण करायची, आवाज, आवाज, परत आवाज. एकदा शाळा सुटताना तिने मला थांबवलं.

"ताई, डबा खाताना ही एकाच बाजूने चावते. मध्येच थांबते. घरी जेवताना काही होतं का?"

मोठ्या मॅडम मागेच खुर्चीत बसलेल्या होत्या. सहा महिने संपायला पाच आठवडे राहिले होते. मी हसले. "नाही हो, घरी मस्त जेवते. तिला फक्त आवाजाचा त्रास."

टीचरने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास होता. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या ओळखीतून मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणले, आवाज बंद करणारे. मला किती कौतुकाने दाखवले. डब्याच्या सुट्टीत गोंगाट असतो, तेव्हा घालून बघू म्हणाली. मी थँक्यू म्हणाले.

हेडफोन तिने माझ्या मुलीच्या कानांवर बसवले तेव्हा मी तिथे नव्हते. नंतर कळलं ते असं, की मुलगी किंचाळली, हेडफोन उपटून फेकले, आणि शेजारी जी कुणी होती तिला दोन्ही हातांनी ढकललं. शेजारी एक लहानगी बसली होती, सात वर्षांची. तिचं कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं. टाके पडले. मला बोलावलं तेव्हा फरशी पुसून झाली होती. लहानगीची आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मोठ्या मॅडमनी त्याच शनिवारी दप्तर आणि फाईल परत केली. गोड बोलून, नेहमीसारखं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिचा गाल सुजून डोळा अर्धा मिटला. आम्ही नया नगरातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, कारण त्यांचा दवाखाना रविवारी उघडा होता. ते मात्र लांबून बघणारे नव्हते. जमिनीवर तिच्याजवळ बसले, तिच्या हातात आरसा दिला, पाऊण तास वाट बघितली आणि मग तोंडात डोकावले. उजवीकडची मागची दाढ आतून पूर्ण किडली होती, खाली पू भरला होता, कानापर्यंत.

"ये महीनों पुराना है," ते म्हणाले. "बच्ची ने कुछ बताया नहीं?"

बताया, डॉक्टरसाब. रोज बताया. हे मी मनात म्हणाले. तोंडाने म्हटलं, "वो बोलती नहीं है."

मोठ्या हॉस्पिटलात भूल देऊन दाढ काढली. चौथ्या दिवशी ती पूर्ण पोळी जेवली. दोन्ही बाजूंनी चावून. गालावर हात गेला नाही. नवरा ताटावरून उठला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडला. मी वाढत राहिले.

मी शाळेत गेले, सगळे कागद घेऊन. हॉस्पिटलचे, डॉक्टरांचे, एक्स-रे. मुलगी वाईट नाही हो, तिला दुखत होतं, हेडफोन तिथेच दाबले गेले. मोठ्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जागा भरली, ताई. टीचर दारापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे लाल होते. "मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. एवढंच. तिथे उभी राहून मी पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

मग भाईंदरच्याच पुढे, समुद्राकडच्या डोंगरीच्या बाजूला एक शाळा आहे असं कळलं, तिथे गेलो. बसने जाताना तिला समुद्र दिसला की ती काचेला नाक लावायची, मला वाटलं चांगलंय, रोज येईल. तिथल्या फॉर्ममध्ये वागणुकीविषयी अर्धं पान होतं. मी सगळं खरं लिहिलं. चावते, ढकललंय, टाके पडलेत, कारण काय होतं, मी काय लपवलं, सगळं. नवरा म्हणाला, एवढं नको लिहूस. मी म्हटलं, एकदा खोटं लिहून बघितलं ना. त्यांनी फॉर्म वाचला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, फोन करतो म्हणाले. त्याला दीड वर्ष झालं. हात दाखवून अवलक्षण. आता ती घरीच असते. काही दिवस सकाळी चपला घालून दारात उभी राहायची. मी चपला वर कपाटात ठेवल्या.

लोकांना वाटतं दाढ निघाली, प्रश्न सुटला. मलाही वाटलं होतं. मागच्या पावसाळ्यात तिला ताप भरला. मी स्वयंपाकघरात होते. ती आतल्या खोलीत गेली, कपाट उघडलं, आणि माझी ती ओढणी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओढणी माझ्या खांद्यावर टाकली आणि दोन्ही मनगटं जोडून पुढे केली.

मी ओढणी फेकून दिली. तिला जवळ घेतलं, खरंच घेतलं, तर ती मला ढकलून ओढणी उचलून आणायला लागली. परत मनगटं पुढे. मी नाही म्हटलं तशी ती रडायला लागली, आणि ते रडणं तासभर थांबेना. तापाचं औषध दिलं, पाणी दिलं, अंगाई म्हटली. पायात खिळा रुतला तेव्हाही हेच झालं. पोट बिघडलं तेव्हाही. काही दुखलं की ती ओढणी शोधते. मी कचऱ्यात टाकली तर नवऱ्याचा टॉवेल आणते. कुठे दुखतंय हे अजून दाखवत नाही, फक्त हात पुढे करते, आणि बांधल्याशिवाय तिला शांत होता येत नाही.

म्हणून मी बांधते. दोन बोटं जातील इतकं सैल. मग ती माझ्या मांडीवर डोकं टेकते, आणि मी तिचं अंग वरपासून खालपर्यंत चाचपत बसते, कुठे दुखतंय ते शोधत.