राखाडी झग्यातली बाई काय म्हणाली

इंग्रज लोकांच्या जुन्या गोष्टी टीव्हीवर माझ्याइतक्या बघितलेला माणूस अख्ख्या यशवंतपुरात सापडणार नाही, लावा पैज. त्यातलं एक वाक्यसुद्धा मला कळलेलं नाही, तेवढं सोडून द्या.

चौथीत शाळा सोडली. मास्तर म्हणाले, याला बसवून ठेवण्यापेक्षा बाक मोकळा राहिलेला बरा. वडिलांनी तोच बाक समजून मला शिलाई मशीनवर बसवलं. आमचं घराणं मराठी मुलूख सोडून इथे कधी आलं ते कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि इंग्लिश फक्त दुकानाच्या पाटीवर. ती पाटी रंगवून आली तेव्हा मी स्वतः स्टुलावर चढून टांगली. दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक म्हणालं, अण्णा, उलटी आहे.

बायको मात्र पीयूसी, म्हणजे बारावी झालेली. नर्सरीच्या पोरांना शिकवायची. तिचं इंग्लिश चांगलं होतं आणि तिने ते माझ्यासमोर कधी मिरवलं नाही. मिरवून तरी काय, मला कळणार थोडंच होतं.

मुलगी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहायला गेली. तिथेच तिचं ऑफिस. तिने आम्हाला एक मोठा टीव्ही आणून दिला आणि आईला तो कसा चालवायचा ते शिकवलं. मला शिकवलं नाही, कारण मी आधीच्या टीव्हीचा रिमोट दुरुस्त करायला म्हणून उघडला होता.

एका रविवारी जेवून मी आडवा होणार, तेवढ्यात पडद्यावर एक माणूस घोडागाडीतून उतरला. मी माणूस बघितलाच नाही, कोट बघितला. त्याने टोपी काढायला हात वर केला तरी खांद्यावर सुरकुती नाही. मी चाळीस वर्षं कोट शिवतोय. माझ्या कोटात गिऱ्हाइकाने हात वर केला तर पाठ, कॉलर, कधीकधी गिऱ्हाईकसुद्धा वर जातं.

"अगं, थांबव ते!" मी ओरडलो आणि टेप घेऊन टीव्हीपुढे उभा राहिलो.

"अहो, ट्रायल घेताय का त्याचा?"

"बाही बघ कशी लावलीय."

"बघते. तुम्ही बाजूला झालात तर."

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. रविवारी दुकान बंद, दुपारी जेवण आटोपलं की टीव्ही. खाली इंग्लिश अक्षरं धावायची, ती वाचून बायको मला मराठीत सांगायची. मी तिला कपडे सांगायचो. ही बाही दोन तुकड्यांत कापलीय, हिच्या झग्याच्या कमरेत हाडाच्या पट्ट्या घातल्यात म्हणून ही अशी ताठ बसते, ही गरीब झाली बघ, गेल्या भागातलाच झगा उसवून परत शिवलाय. त्यांची नावं माझ्या तोंडात बसायची नाहीत. म्हणून एक लेसवाली, एक पिवळी टोपी, एक निळा कोट. बायकोही मग तशीच सांगायची. "लेसवालीला पत्र आलंय. निळा कोट फसवणार बघा तिला."

अंगात आलं की माणूस काय करेल सांगता येत नाही. मी एका नवरदेवाला तसला कोट शिवून दिला. मागे दोन शेपट्या, पुढे आखूड. मंडपात तो सासऱ्याच्या पाया पडायला वाकला आणि मानेपासून कमरेपर्यंत शिवण उलगडली. भटजींनी मंत्र थांबवले. नवरदेव बिचारा तसाच वाकून राहिला, सरळ झाला तर उरलेलं पण जाईल म्हणून. बायको महिनाभर मला लाटसाहेब म्हणत होती. "लाटसाहेब, चहा घेणार?"

दुकान तळमजल्यावर आणि घर दुसऱ्या मजल्यावर. एक वाजला की ती माझा डबा घेऊन खाली यायची. मला वर जाता आलं असतं. पण मी म्हणायचो, दुकान सोडून कसं येऊ. दुकानात त्या वेळी काम काय असायचं? दोन रिकामी माणसं पेपर वाचत बसलेली असायची आणि मी त्यांना हसवत असायचो.

मग घरमालकाचं मागचं तळमजल्याचं घर रिकामं व्हायला आलं. माझं जेवण झाल्यावर ती डबा आवरता आवरता म्हणाली, "मागचं घर मोकळं होतंय. बघूया का आपण?"

"खाली डास," मी म्हटलं. "वर वारा येतो. शिवाय तुला जिन्याचा व्यायाम. व्हाइटफील्डचे लोक त्यासाठी जिममध्ये जातात, तुला घरबसल्या मिळतोय."

पेपरवाले दोघे हसले. तीही हसली. "सरी," म्हणाली, म्हणजे कन्नडात ‘बरं’, आणि रिकामा डबा घेऊन वर गेली. परत तिने तो विषय माझ्याजवळ काढला नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं.

त्याच सुमाराला आम्ही एक नवी मालिका लावली. एक मोठं घर, त्यात नवरा-बायको. तो तपकिरी कोट, ती राखाडी झगा. नवरा म्हणजे ठोंब्या. असा ठोंब्या मी कुठल्या गोष्टीत बघितला नव्हता. बायको बोलतेय आणि हा आपला काहीतरी लिहीत बसलाय.

"काय म्हणते ती?" मी विचारायचो.

"ती म्हणते, अख्ख्या गावाची विचारपूस करता. मी जेवले का, ते एकदा विचारा की."

मी ठसका लागेपर्यंत हसलो. "काय माणूस आहे! बायको जेवली का ते माहीत नाही याला." आणि हे म्हणता म्हणता मी ताट पुढे केलं, अजून एक चपाती वाढ म्हणून.

एकदा ते दोघे टेकडीवर चालले होते. हा पुढे, ती मागे. बायको सांगत होती, "ती म्हणते, स्वल्प सावकाश चला. मला दम लागतो." मी म्हटलं, बघ, याला काठीने हाणलं पाहिजे. त्याच संध्याकाळी आम्ही मार्केटला गेलो होतो. मी पुढे होतो.

आणि मग तो जिन्याचा भाग. राखाडी झगा जिन्यात मधेच उभी, कठड्याला हात. खाली तपकिरी कोट आरशापुढे. ती काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली. मी बायकोकडे बघितलं.

"ती म्हणते, मला हा जिना आता झेपत नाही. चार पायऱ्या चढले की छातीवर कुणी इस्त्री ठेवल्यासारखं होतं."

एवढ्या मोठ्या घरातल्या बाईला इस्त्रीचं वजन कुठून ठाऊक असणार? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. आमच्या घरात इस्त्री साडेसात किलोची आहे.

"मग त्या गाढवाला खाली बिछाना टाकता येत नाही?" मी म्हटलं. "घरात शंभर खोल्या आहेत!"

"तेच तीही विचारतेय."

"आणि तो?"

बायको पडद्याकडे बघत नव्हती. "तो काही बोलत नाही. कॉलर नीट करतोय."

"डॉक्टरला तरी दाखव म्हणावं."

"त्यांच्याकडे डॉक्टर फार लांब असतो."

आमचा डॉक्टर समोरच्या फुटपाथला आहे. त्याचे पांढरे कोट मीच शिवतो. मी परत पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, "कॉलर मात्र मस्त बसलीय."

त्या मालिकेचे शेवटचे दोन भाग आमचे राहिले.

बुधवार होता. सव्वा वाजला तरी डबा आला नाही. दुकानात नेहमीचे दोघे होते. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर ओरडलो, "काय गं, आज डबा घोडागाडीतून येतोय का?" दोघे खो खो हसले. मी पण हसलो. वरून काही उत्तर नाही. मी परत येऊन बसलो, एक काज पुरं केलं. मग उठलो.

पहिल्या वळणावर ती बसली होती, भिंतीला टेकून. डबा मांडीवर दोन्ही हातांनी सरळ धरलेला. सांबाराचा एक थेंब सांडला नव्हता.

समोरचा डॉक्टर धावत आला, मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तीन दिवस राहिली, बोलली नाही. तिथला डॉक्टर म्हणाला, "हे एका दिवसातलं नाही, अण्णा. दम लागत असणार, छाती भरून येत असणार. काही बोलल्या नाहीत?"

मी म्हटलं, नाही हो, कधीच नाही. आणि खोटं बोलत नव्हतो मी. मला खरंच तसं वाटत होतं.

ती गेल्यावर घर पाहुण्यांनी भरलं आणि रिकामं झालं. मुलगी म्हणाली, माझ्याकडे चला. मी म्हटलं, तुझ्याकडे लिफ्ट आहे, मला सवय नाही. ती हसली नाही.

एका रविवारी मी जेवून टीव्हीपुढे बसलो. समोरच्या इडलीच्या दुकानातल्या पोऱ्याकडून तो लावून घेतला. तपकिरी कोट आला, राखाडी झगा आली. दोघं तोंड हलवत होती. खाली अक्षरं मुंग्यांसारखी धावत होती. बाही तीच, कॉलर तीच, पण मला काही दिसेना. कपडे बघायलासुद्धा कुणीतरी शेजारी बोलत असावं लागतं, हे मला तेव्हा समजलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या ठोंब्याला अक्कल येते का? बिछाना खाली आणतो का तो? ती राखाडी बाई वाचते का? मला दुसरं काही नको होतं. तेवढं एक कळायला हवं होतं.

मुलीला फोन केला. म्हटलं, ये, दोन भाग राहिलेत, मला वाचून सांग. ती पुढच्या रविवारी मेट्रोने आली. आईची खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसली.

"शेवटचं नंतर," मी म्हटलं. "आधी जिन्याचं लाव. तिथून नीट कळेल तुला."

तिने शोधून लावलं. राखाडी झगा जिन्यात उभी राहिली, कठड्याला हात, बोलायला लागली.

"सांग," मी म्हटलं.

"ती म्हणतेय, शुक्रवारी पाहुणे येणार आहेत, वरच्या खोल्यांचे पडदे धुवायला काढायला हवेत. मोलकरणीला सांगून काही उपयोग नाही."

"आणि जिन्याचं?"

"जिन्याचं काही नाही."

"ती म्हणते, जिना झेपत नाही. छातीवर इस्त्री ठेवल्यासारखं होतं. नीट वाच."

"अण्णा, पडदेच आहेत."

"तुझं इंग्लिश कच्चं आहे," मी म्हटलं. मी! "तुझ्या आईने वाचलेलं आहे हे. मागे घे."

तिने मागे घेतलं. पडदे. परत मागे घेतलं. पडदे. मग टेकडीवरचं लावायला सांगितलं. तिथे ती बाई म्हणत होती, यंदा सफरचंदं लवकर लागलीत. मग जेवणाचं. तिथे कुणाच्या तरी आजारी घोड्याची गोष्ट चालली होती.

मुलगी माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "आई तुम्हाला काय काय सांगायची?"

मी सांगितलं. चपातीचं सांगितलं, टेकडीचं सांगितलं, इस्त्रीचं सांगितलं. पहिल्या दोन्हींवर तिने मान हलवली.

"हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "आई फोनवर सांगायची. म्हणायची, आज यांना त्या बाईच्या तोंडून सगळं ऐकवलं. हसले, त्या नवऱ्याला ठोंब्या म्हणाले आणि चपाती मागितली. आम्ही दोघी हसायचो."

"आणि छातीचं?"

"ते नाही सांगितलं मला." तिने पडद्याकडे तोंड वळवलं. "मला सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी येऊन घेऊन गेले असते."

पडद्यावर ती बाई जिन्यात तशीच थांबवलेली होती, तोंड अर्धं उघडं.

"मग त्याने बिछाना खाली आणला का शेवटी?" मी विचारलं. विचारताना मला कळत होतं मी काय विचारतोय, तरी विचारलं.

"बिछान्याचं यात काही नाहीच, अण्णा."

खाली मागचं घर बंदच होतं, अजून कुणी भाड्याने घेतलं नव्हतं. खिडकीतून त्याचं कुलूप दिसतं. मी तिकडे बघत बसलो. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, आयुष्यभर ज्याने वेळ निभावली तेच तोंड वापरलं. हसल्यासारखं केलं आणि म्हटलं, "काय करणार गं, चौथी नापास माणूस. मला इंग्लिश आलं असतं तर..."

तिने रिमोट खाली ठेवला.

"आई मराठीत बोलत होती, अण्णा."