गिरणीतला फोन

दगडूमामा गेले तेव्हा मी फोनवर होते. पौडच्या शाळेच्या ऑफिसातून फोन लावला, गिरणीवरच्या मारुतीनं उचलला, रिसीव्हर पोत्यावर ठेवून तो मामांना बोलवायला घराकडं गेला आणि मी नेहमीसारखी गिरणीचा खडखडाट ऐकत उभी राहिले. आधी पावलं वाजायची, मग खोकला, मग “बोल.” त्या दिवशी लांबवर कुणीतरी ओरडलं, गिरणी बंद झाली, आणि मग काहीच नाही... मधली सुट्टी संपत आली होती. मी चिडून फोन आपटला आणि वर्गावर गेले. तासाभरानं मामांचा मुलगा विलास शाळेच्या दारात उभा. मामा बांधावरच कोसळले होते, फोनकडं येताना.

सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, मामा यंत्राच्या विरुद्ध होते. साफ खोटं. खोऱ्यात भाताची पहिली गिरणी त्यांची, पहिला पंप त्यांचा. फक्त यंत्रानं घराचा उंबरा ओलांडायचा नाही. वीज गिरणीपर्यंत, घरात कंदील. रेडिओ गिरणीत. चार वर्षांपूर्वी फोन आला तोही गिरणीतच, घरापासून दोन खाचरं लांब. फोन बसवायला आलेल्या माणसानं कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, “घरात बसून बोलाया मिळालं की मानसं यायची बंद हुतील.” त्यांच्या वडलांचं घर मुळशीच्या धरणात गेलेलं. “तवा कुनी इचारलं न्हाई. आता काय बी आत घ्यायचं तर मी इचार करूनच घेतुया.” विलासचं आणि त्यांचं यावरून रोज वाजायचं आणि मी विलासच्या बाजूची. मामी कंदिलाच्या उजेडात डोळे चोळत भाकरी थापायच्या, ते बघून मला संताप यायचा. अजूनही येतो.

एकदा वाचनालयातल्या मासिकात अमेरिकेतल्या आमिश लोकांवर लेख सापडला. शेतकरी माणसं, घोडागाडीतून फिरतात, घरात तारेची वीज घेत नाहीत. पण कामाच्या जागी इंजिन चालतं, आणि फोन शेताच्या कडेला लाकडी खोपीत, चार घरांत मिळून एक. नवं यंत्र आलं की आधी बसून ठरवतात, यानं आपण एकत्र राहू की पांगू. मामांना चिडवायला म्हणून गिरणीत बसून तो सगळा लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, “त्यांची बी गावं धरनात गेली व्हय?”

“नाही, मामा.”

“मग लई शानी मानसं. बुडायच्या आदीच कळलं त्यास्नी.”

फोनवर बोलायची त्यांची एक रीत होती. मी दर गुरुवारी फोन करायची. घराच्या दाराशी खिळ्यावर धुतलेली टोपी असायची. मारुतीची हाक आली की ती घालून, सावकाश निघायचे. कुणाशी बोलायला बोडक्यानं जायचं नाही. मामी हसायच्या, “तिला दिसतंय व्हय?” “तिला न्हाई दिसत. मला कळतंय की.”

तो सोमवार होता. आंबेमोहोर तांदूळ गिरणीत सडून झाला का, एवढंच मला विचारायचं होतं. मैत्रिणीकडं पाहुणे यायचे होते, गुरुवारपर्यंत थांबवलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोरच होतं, कधीही झालं असतं. दहाव्याला मामींनी मला जवळ घेतलं. “तुज्या फोननं न्हाई गं गेलं. त्यांचं भरलं हुतं.” विलास म्हणतो, फोन घरात असता तर चालावंच लागलं नसतं. हे मी घट्ट धरून बसले आहे, कारण मग दोष मामांच्या हट्टाचा होतो, माझा नाही. लाज वाटते लिहायला, पण आहे हे असं आहे.

तेराव्यानंतर विलासनं वीज आत घेतली, फोनही. मामींना आता भाकरी नीट दिसते. चांगलंच झालं. गुरुवारी मी फोन केला, मामींनी दुसऱ्याच घंटीला उचलला, दोन मिनिटांत बोलणं संपलं. म्हणून रविवारी उठून गेलेच. फोन दाराशी स्टुलावर आहे. वर खिळ्यावर टोपी, धुतलेली, घडीसुद्धा मोडलेली नाही... भलत्या वारी फोन आला, म्हणून मामा बोडक्यानंच धावले होते.

मामींना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.