श्रोत्यांकडे तोंड करून

"गाणारा कुठे भागून नाही जात," असं म्हणून ते गायकाकडे सरळ पाठ करायचे आणि कॅमेरा श्रोत्यांकडे वळवायचे. स्टेजवर ख्याल रंगात आलेला असायचा, आणि हे दुसऱ्या रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याची डोलणारी मान टिपत असायचे.

तुमच्याही गावात असा एखादा व्हिडिओवाला होऊन गेला असेल. आमचे व्हिडिओवाले दिवसा सरकारी कचेरीत बाबू होते आणि आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, नया बाजारात, आमच्या शेजारी राहायचे. प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेला भला थोरला कॅमेरा ते खांद्यावर घेऊन निघत. वहिनी त्या कॅमेऱ्याला जावईबापू म्हणत, कारण घरात सगळ्यात जपून त्यालाच वागवलं जाई.

दिवा धरायचं काम माझं. मी विमा कंपनीतला माणूस. गाण्यातलं मला काही कळत नाही; सम आली हे मी शेजारच्याची मान पाहून ओळखतो. अर्ध्या तासात माझा हात झुकायला लागे आणि सगळा उजेड पुढच्या रांगेतल्या टकलांवर जाऊन पडे.

"चंद्र मावळला हो," ते न वळता हळूच म्हणत. मी दिवा वर करायचो.

सिटी सेंटरच्या एका नव्या हॉटेलानं तळघरात डिस्को काढला तेव्हा मालकानं जाहिरातीसाठी यांना बोलावलं. धूर, फिरते दिवे, नाचणारी पोरं-पोरी. यांनी निम्मी टेप भरली ती भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलेल्या एका गृहस्थांनी. मांडीवर मुलींच्या तीन पर्स आणि दोन्ही कानांत बोटं.

"भाईसाहब, ये कौन है?" मालकानं टेप पाहून विचारलं.

"ये भी तो आए थे," हे म्हणाले.

त्या हॉटेलात आम्हाला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मग राज्याची वाटणी ठरली. छत्तीसगड वेगळं निघणार, म्हणून कचेऱ्यांतली माणसंही वाटून द्यायची होती. "भांडी वाटतात तशी," वहिनी म्हणाल्या. यादी लागली आणि यांचं नाव रायपूरच्या बाजूला निघालं. वहिनी इथल्या शाळेत शिकवायच्या, मुलगी बारावीला. जायचं तर एकट्यानंच जायचं. हरकतीचा अर्ज करता येत होता, पण त्यावर साहेबांची शिफारस लागायची. आणि साहेबांचं हसणंसुद्धा रजेसारखं, अर्ज केल्याशिवाय न मिळणारं.

अशात साहेबांच्या मिसेसचं गाणं ठरलं. अफसरांच्या क्लबात, रविवारी सकाळी, ऐन सप्टेंबरच्या उकाड्यात. शूटिंगला अर्थात हेच.

मॅडम चांगल्या गायल्या म्हणे. श्रोते कचोरी खात होते. एक बाई दुसरीला ब्लाउजची शिलाई समजावून देत होती. सगळं टेपवर आलं.

"ही टेप दिलीत तर शिफारस विसरा," मी घरी आल्यावर म्हणालो.

आतल्या खोलीत मुलगी मोठ्यानं केमिस्ट्री पाठ करत होती, तिकडे ते बघत राहिले. मग म्हणाले, "काय करू म्हणता?"

अक्कल माझी. डिसेंबरात मोठा संगीत समारोह भरतो, त्याच्या जुन्या टेपा त्यांच्याकडे होत्या. त्यातले वा-वा करणारे श्रोते उचलायचे आणि दोन व्हीसीआर जोडून मॅडमच्या गाण्यात बसवायचे. बसवले. चेहरे मी स्वतः निवडले. एक आजोबा तर डोळे पुसत होते, त्यांना मी दोनदा घ्यायला लावलं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांनाही बंगल्यावर बोलावलं. पंखा पाचवर होता. साहेब पेपरात डोकं घालून बसले होते.

"भाईसाहब," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सितंबर में ये सब लोग कनटोप पहनकर मुझे सुनने आए थे?"

दिवा धरता धरता मी आयुष्यात काय काय पाहिलं, पण त्या शाली, ते मफलर, त्या कानटोप्या मला दिसल्या नव्हत्या. मी पंख्याकडे बघत बसलो. यांनी मात्र पिशवीतून दुसरी टेप काढली. मला न सांगता ती बरोबर आणली होती.

"असली ये है मॅडम. इसमें कचौड़ी है."

टेप लागली. कचोरी आली, शिलाई आली. मग कॅमेरा दाराकडे वळला. तिथे खांबाला टेकून साहेब उभे होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. अंतऱ्याचा एकेक शब्द मॅडमच्या बरोबरीनं.

"आपको ये याद है?" मॅडमनी विचारलं.

"घर में दिनभर चलता है, तो याद हो जाता है," साहेब पेपरामागून म्हणाले. मॅडमनी टेप मागे घेऊन तेवढं पुन्हा पाहिलं.

शिफारस त्याच आठवड्यात झाली. साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, की असा सच्चा माणूस कचेरीला सोडवत नाही, त्याला माझ्याच हाताखाली ठेवावं. मी इंदरगंजातून पेढे आणले. पंधरा दिवसांनी सुधारलेली यादी लागली. तीत साहेबांचं स्वतःचंच नाव रायपूरच्या बाजूला आलं होतं, आणि त्यांची शिफारस शब्दशः मान्य झाली होती.

"चला, साहेब तरी ओळखीचा आहे," हे म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत.

मुलीची बारावी झाल्यावर वहिनीही तिकडेच गेल्या. मधले महिने दर रविवारी सकाळी ते पीसीओवरून आमच्या घरी फोन करत, कारण वहिनींच्या घरी फोन नव्हता. आधी मुलगी बोलायची, मग वहिनी, दोघी भराभर. एका रविवारी त्यांचं बोलून झालं आणि रिसीव्हर माझ्याकडे आला.

"ठेवू?" मी विचारलं.

"नका ठेवू. तसाच टेबलावर असू द्या. थोडा वेळ तुम्ही लोक बोला."

"काय बोलू?"

"माझ्याशी नाही. आपसात बोला."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि खूण करून सगळ्यांना आपसात बोलायला सांगितलं. मग मुलगी म्हणाली, पोह्यांत मीठ कमी आहे. वहिनी म्हणाल्या, मग उठून घे, हात आहेत ना. आमच्या हिनं चहाचं विचारलं, मी साखर कमी घालायला सांगितली, त्यावर तिनं मला माझ्या पोटावरून ऐकवलं. विशेष असं कुणीच काही बोललं नाही. रिसीव्हर बशीशेजारी आडवा पडला होता, आणि आम्ही सगळे नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं बोलत होतो.