राखून ठेवलेला एक मार्क

शिरूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी सर्व्हिसच्या काउंटरला बसते. बसते म्हणजे शिव्या खायला बसते. गाडी विकणारी मंडळी पुढच्या बाजूला एसीत, हार आणि नारळ घेऊन. तीच गाडी बिघडली की मालक मागच्या दाराने येऊन माझ्यापुढे उभा. तो येतो तोच तापलेला, कारण त्याआधी त्याने कंपनीच्या नंबरावर फोन लावून पाहिलेला असतो. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, आणि सगळं दाबून झालं की गाणं लागतं. मग त्या गाण्याचा राग माझ्यावर निघतो. निघणारच. समोर माणूस म्हणून मीच एकटी सापडते ना.

मी लागले तेव्हा मागच्या शेडमध्ये मिस्त्रींची गर्दी असायची. फोन आला की दुपारपर्यंत कुणीतरी शेतावर पोचायचा. मग एकेक जण सोडून गेला आणि गेलेल्याच्या जागी माणूस भरायचं बंद झालं. पगारच असा की यापेक्षा रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहिलेलं परवडलं, असं जाणारे म्हणायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी घोडनदीपासून पार पाबळपर्यंत एकच मिस्त्री उरले. माणूस पन्नाशीचा, कारेगावात खोली घेऊन राहणारा. बायको कंपन्यांच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची.

इतकी वर्षं काम करूनही मिस्त्री कायम नव्हते. ठेकेदाराच्या नावावर होते. दर वर्षी करार संपायचा, दर वर्षी नवा व्हायचा, आणि मधल्या काळात घरी बसून फोनची वाट बघायची. मागे एकदा जॅक सटकून त्यांचा हात चेचला. हात बांधून घरी बसले तेवढा पगार गेला तो गेलाच, वर परत घेतात की नाही ही धास्ती. कायम माणसाला दवाखान्याचं कार्ड असतं, भरपगारी रजा असते. मिस्त्रींना दुसरं काही नको होतं. या वयात दुसरीकडे कोण घेणार, एवढा एकदा कायमचा शिक्का बसू दे, म्हणायचे.

आणि त्या वर्षी वरून निरोप आला की सगळ्या शाखांत मिळून एक मिस्त्री कायम करणार आहेत. कुणाला करायचं ते गिऱ्हाईक ठरवणार.

ते कसं, ते सांगते. काम झालं की कंपनीची एक बाई गिऱ्हाइकाला फोन करते. खूश आहात का विचारते आणि शून्य ते दहा यात मार्क द्यायला सांगते. तुम्हाला वाटेल, आठ-नऊ म्हणजे चांगलेच की. नाही. दहाच्या खाली एक जरी उतरलं तरी त्यांच्या हिशेबात तो माणूस नापास. ज्याचे वर्षभर पैकीच्या पैकी असतील तोच कायम. बरं, गिऱ्हाइकाला आधी सांगायचं नाही की बाबा दहा म्हण. सांगितलेलं कळलं तर काढून टाकतात. आमच्या दौंडच्या शाखेत असाच एक जण गेला. म्हणजे ज्याला नियम माहीत नाही तो मार्क देणार, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी मूग गिळून बसायचं. असल्या युक्त्या कुणाच्या डोक्यातून निघतात कोण जाणे, पण ती डोकी एसीतलीच असणार.

मिस्त्रींचे वर्षभर दहाच्या दहा होते. वर्ष संपत आलं होतं आणि आम्ही सगळे आतून देव पाण्यात घालून बसलो होतो.

तेवढ्यात इनामगावचे आबा आले. आबांचं नदीकाठी उसाचं रान. लागणीसाठी बेणं तोडून बांधावर आणून टाकलेलं, आणि ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक गेलं. नांगर काही वर उचलेना, सऱ्या पाडायच्या राहिल्या आणि बेणं उन्हात वाळायला लागलं. कंपनीच्या नंबरावर फोन केला, तर मोबाईलवर मेसेज आला की आपली तक्रार दूर झाली आहे. आबा तो मेसेज घेऊन थेट माझ्या काउंटरवर. त्यांनी मला जे सुनावलं ते मी लिहीत नाही. मला म्हणाले, तुमच्यापेक्षा बैल बरा, निदान बसला तर दिसतो तरी. मला राग आला, पण त्यांच्यावर नाही. माणूस खोटं काय बोलत होता?

मिस्त्री त्या दिवशी दुसऱ्या टोकाला अडकले होते. आबांचा नंबर परवावर गेला होता. पण बेणं वाळतंय म्हटल्यावर मिस्त्री रविवारी स्वतःच्या गाडीवर, स्वतःचं पेट्रोल जाळून इनामगावला गेले. संध्याकाळपर्यंत नांगर उचलायला लागला. आबांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि येताना वांग्यांची पिशवी गाडीला अडकवली. त्यातली चार वांगी सोमवारी माझ्याकडे आली.

मंगळवारी आबा बिल न्यायला आले. आता चेहरा फुललेला. बाकड्यावर बसून त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मिस्त्रींची कीर्ती ऐकवली. मिस्त्री शेडच्या दारात हात पुसत उभे होते, लाजून खाली बघत. मॅनेजर साहेब माझ्या शेजारी काहीतरी सही करत होते. आणि आबांचा फोन वाजला.

आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. कंपनीची बाई गोड आवाजात बोलायला लागली. काम वेळेत झालं का, माणूस नीट बोलला का. आबा म्हणाले, लेकासारखा हाय, असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी गावायचा न्हाई. बाईंनी विचारलं, तर मग शून्य ते दहापैकी किती गुण द्याल? साहेब शेजारी, फोन रेकॉर्ड होतोय, आणि मला आबांच्या कानात ओरडायचं होतं.

आबा ऐटीत म्हणाले, "नऊ."

धन्यवाद म्हणून बाईंनी फोन ठेवला. मिस्त्री वळले आणि आत शेडमध्ये गेले. साहेबांनी सही पूर्ण केली आणि तेही आत गेले. मी मात्र उठून आबांच्या पुढे जाऊन उभी राहिले. विचारलं, काम आवडलं, माणूस आवडला, मग एक मार्क कापला कशाला?

"कापला कुठं, राखला," आबा म्हणाले. "पोरी, पैकीच्या पैकी कुणी देतं व्हय? नजर लागती माणसाला. लेकराला काजळाची तीट लावतो का न्हाई आपण? तशी लावली."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझी आईही असंच करते. भाजी कितीही चांगली झाली तरी म्हणते, मिठाला जरा कमी पडली. आमच्याकडे ज्याच्यावर जीव आहे त्या माणसाचं कौतुक कुणी काठोकाठ भरत नाही. हे त्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून मार्कांचा तक्ता करणाऱ्याला कोण सांगणार?

मी आबांना बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता आबांचा चेहरा उतरला. चहा तसाच ठेवून ते परत आत गेले, साहेबांच्या केबिनमध्ये, म्हणाले दहा लिहा, अकरा लिहा, माझं चुकलं. साहेब भला माणूस, त्याने आबांना पाणी दिलं आणि हात वर केले. सिस्टीमला एकदा गेलं की बदलत नाही. त्याचीही नोकरी आमच्याच मार्कांवर, तो कशाला भांडेल?

मग मी युनियनकडे गेले. आहे, आमच्याकडे युनियन आहे. कॅशियर आप्पा तिचे अध्यक्ष, भिंतीवर बोर्ड आहे, दसऱ्याला पूजा असते. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मिस्त्री आपल्यात येत नाहीत, युनियन कायम कामगारांची आहे. मी म्हटलं, आप्पा, त्यांना कायम करण्यासाठीच तर बोला ना. तर म्हणाले, आधी कायम होऊ द्या, मग बोलता येईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोरूममध्ये कायम माणसं उरलीत बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळे आम्ही ठेकेदाराचे. ही युनियन आता भांडते ती दिवाळीला मिठाई कुठल्या दुकानातली आणायची यावर.

आठवड्याभरात कागद आला. मिस्त्रींचं कायम होणं राहिलं, उलट करार संपवून नवा करार दौंडच्या शाखेत. कारेगावहून दौंडला रोज जायचं म्हणजे अर्धा पगार पेट्रोलला. शिरूरच्या जागेवर कुणाची नेमणूक, तर त्या रकान्यात काहीच नव्हतं.

मी आबांना फोन केला. आबा एवढंच म्हणाले की सोमवारी बघ. मग कळलं की त्यांनी गावात सगळ्यांना गोळा केलंय. सोमवारी सकाळी इनामगावचे आणि आजूबाजूचे सगळे ट्रॅक्टर आणून शोरूमच्या गेटसमोर लावणार, मिस्त्री कायम झाल्याशिवाय हलवणार नाही. खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या बाजूने कुणीतरी आहे. युनियनला जे जमलं नाही ते गिऱ्हाईक करणार होतं. रविवारी मी नीट जेवलेही नाही.

सोमवारी गेटसमोर एकही ट्रॅक्टर नव्हता. मी रस्त्याकडे बघत बसले. शेवटी शेडमध्ये गेले, तर मिस्त्री आपली हत्यारांची पेटी आवरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले की मीच काल इनामगावला जाऊन आलो. आबांना सांगितलं, कायम झालो, बढतीवर दौंडला चाललोय, ट्रॅक्टर आणू नका.

मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, आयुष्यात एकदा कुणीतरी तुमच्यासाठी उभं राहत होतं आणि तुम्ही त्यांना घरी पाठवलंत? एवढे कसे हो तुम्ही मिळमिळीत?

मिस्त्रींनी पाने कापडात गुंडाळले, पेटीत ठेवले. "ताई, ट्रॅक्टर दोन दिवसांनी गावाला परत गेले असते. मग माझं दौंडचं पण गेलं असतं. त्यांना शेती हाय. मला काय हाय?"

माझा राग काही गेला नाही, तो अजून आहे, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारी आबा आले. धुतलेलं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा. बाकड्यावर तक्रारी घेऊन बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी पेढा दिला. मिस्त्री कायम झाले म्हणून सांगत सुटले. आप्पांनीही खाल्ला, साहेबांनीही खाल्ला. मग आबा माझ्यापाशी आले, पेढा हातावर ठेवला आणि म्हणाले की उगं माझ्या जिवाला घोर लावला होतास पोरी, चार रात्री झोप न्हाई मला. मी पेढा तोंडात टाकला.

"बरं, आता आमच्याकडं कोण येणार?" आबांनी विचारलं. "नव्या मिस्त्रीचं नाव तरी सांग."

"कुणी न्हाई, आबा," मी म्हटलं. "खरंच कुणी न्हाई."

आबा मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय.