चेटकिणीच्या बाजूनं

"इथं लेखक चुकला हो!" असं म्हणून मावशी पुस्तक मांडीवर पालथं घालायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि आमच्याकडे अशा बघायच्या, की जणू ते पुस्तक आम्हीच लिहिलंय.

१९५५च्या आसपासची गोष्ट. मुलुंडची आमची दुमजली इमारत. पहिल्या मजल्यावरच्या लांब गॅलरीत दुपारी बायकांची बैठक असे. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी वाती वळतंय आणि मावशी मोठ्यानं वाचतायत. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण अख्खी इमारत त्यांना मावशीच म्हणायची. अशी बाई वाचनालयातून पोथ्यापुराणं आणत असेल, असं वाटेल तुम्हाला. छे! त्यांना खून हवा, भुयार हवं, निदान एखादं भूत तरी हवंच. म्हणायच्या, "देव काय, आहेच घरात. भीती बाहेरून आणावी लागते."

त्या वर्षी त्यांनी चेटकिणींची एक जाडजूड कादंबरी आणली. कोकणातलं गाव, चिंचेखालचं घर, त्यात तीन चेटकिणी बहिणी. धाकटी सगळ्यांत भयंकर. ती डाव्या हातानं मूल उचलून घ्यायची आणि मग ते मूल दिवसेंदिवस झिजत जायचं. तिचा छडा लावायला मुंबईहून एक इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन येतो. आम्ही तर एकमेकींना खेटून बसायचो. मावशी स्वतः इतक्या घाबरायच्या की पाय बाकावर वर घेऊन बसायच्या. पण चुका काढणं काही थांबत नसे.

"अगं, कालच्या प्रकरणात अमावस्या झाली ना याची? मग चार दिवसांत हे पिठूर चांदणं कुठून आणलंन? पंचांग नाही का मेल्याच्या घरी?"

नाहीतर, "तीन बायका एका घरात आणि स्वयंपाक कोण करतं ते कुठंच नाही! नुसता धूर, नुसता धूर. धुरानं पोट भरतं होय रे बाबा?"

हसता हसता सुपातले तांदूळ सांडायचे. मीही हसायचे. मग एक दिवस माझं हसू बंद झालं.

मी डावखुरी. जेवणाचं, पूजेचं तेवढं उजव्या हातानं करायला सासूबाईंनी शिकवलं होतं. पण काही धरायचं, उचलायचं म्हटलं की डावाच हात आधी पुढे होतो, आजही. त्यात माझं पहिलं मूल जन्मतःच गेलेलं. दोन्ही गोष्टी इमारतीला ठाऊक होत्या, कुणी कधी त्यांची सांगड घातली नव्हती. ती या कादंबरीनं घातली. तळमजल्यावरच्या वहिनींचं पोर मी नेहमीसारखं उचललं, तर त्यांनी ते माझ्याकडून काढूनच घेतलं. "राहू दे गं, रडेल तो," म्हणाल्या. पोरगं तर चांगलं खिदळत होतं!

मग नळावर कुजबुज. "हिचाही डावाच ना गं?" मी गेले की बाळांच्या अंगावरची दुपटी वर सरकायची.

तुम्ही म्हणाल, चार बुकं शिकलेल्या बायका, त्यांचा असल्यावर विश्वास? अहो, विश्वास एकीचाही नव्हता. "उगाच कशाला?" एवढंच होतं. पण त्या "उगाच कशाला"नं मी वाळीत पडले. गॅलरीत जाणं मी सोडून दिलं. शेवटचं प्रकरण आमच्या दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यात उभी राहून ऐकलं.

शेवटी गावकरी ते चिंचेखालचं घर तिघींसकट पेटवून देतात. इन्स्पेक्टर लांबून बघत राहतो. गाव सुखी होतं.

"बरं झालं मेलीचं," वहिनी म्हणाल्या.

या वेळी मावशींनी पुस्तक पालथं घातलं नाही, मिटलं. "सगळ्यांत मोठी चूक इथं केलीन."

"चूक कसली मावशी? चेटकीण मेली की!"

"एवढ्या जाड पुस्तकात सगळे बोलले. पाटील बोलला, भटजी बोलला, मांजरसुद्धा बोललं. ती धाकटी एक अक्षर बोललेली नाही. मूल आजारी पडलं तेव्हा तिच्या जिवाचं काय झालं असेल, एकानं तरी विचारलं का? भीती झकास घातलीन, त्याचे पैकीच्या पैकी गुण. पण बाईमाणूस त्याला कळलेलंच नाही."

"गोष्टच आहे हो ती," कुणीतरी म्हणालं.

"गोष्ट होती तोवर मीही वाचली. आता ती आपल्या नळावर पाणी भरायला लागलीय."

मी जिन्यात तोंडात पदर कोंबून रडले.

पुस्तकावर मत देणं सोपं असतं. पण मावशींची लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी मी आपली दार लोटून घरात बसले. बोलावणं इमारतीला होतं; त्यात मी धरलेली असेन, असं मला वाटेना. मावशी स्वतः वर आल्या.

"चल. पाळण्यापाशी उभं राहायचंय तुला."

"नको मावशी. उद्या बाळाला काही झालं तर..."

"होईल की! तान्ह्या पोरांना काही ना काही होतच असतं. ऊठ."

पाळण्याच्या अलीकडे त्या, पलीकडे मी. "कुणी गोविंद घ्या," म्हणत त्यांनी बाळ पाळण्याखालून पुढे केलं. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर. मी कसाबसा उजवा हात खाली घातला.

"अगं, सवयीचा आहे तो हात दे! पाडशील पोराला!" मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा ओरडल्या.

मी डावा हात दिला. बाळ आलं. "कुणी गोपाळ घ्या," म्हणून मी ते वरून परत दिलं, तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मावशी आता नाहीत. म्हातारपणी लेकीकडे राहायला गेल्या आणि तिकडेच वारल्या. पुढे मला दोन मुलं झाली, संसार झाला, चारचौघींत मान मिळाला. मी माणसांत राहिले ती त्या बाईमुळे. हे त्यांना कधी तोंडानं सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, "पुरे गं, पान उलट."

पण मला सारखी आठवते ती बारशाच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. बाळाला रात्री खरंच ताप आला होता. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. नळावर मी गेले, तर बायका बाजूला झाल्या. कळशी तशीच घेऊन मी वर आले. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. म्हटलं, आता मावशी बोलणार. बोलल्या तर कुठल्या तोंडानं उत्तर द्यायचं?

मावशी दारात उभ्या होत्या. खांद्यावर ते तापलेलं बाळ.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही आमच्या. लेक आत्ता कुठं झोपलीय. मीही जरा आडवी होते. धर गं याला."

त्यांनी बाळ माझ्या डाव्या हातावर ठेवलं, त्याची कुंची सारखी केली आणि जिना उतरायला लागल्या. मी बघत राहिले. एकदा तरी मागं वळून बघतील, असं वाटलं. नाही बघितलं. मी बाळाला घेऊन दारातच बसले, हलायची हिंमत होईना. आणि जरा वेळानं खालून मावशींचं घोरणं ऐकू यायला लागलं.